जुनी लाकडी शिडाची बोट विकाऊ आहे. घ्यावी का?

गाळातला बगळा

नमस्कार मंडळी. मी इथे सहसा वाचनमात्र असतो, पण आता घरात कुणी ऐकून घेईना म्हणून धागा काढतोय.

बारा वर्षं इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याला, सफोकमध्ये राहतोय. मूळचा नाशिकचा, त्यामुळे पाण्याशी संबंध रामकुंडापुरता. चार वर्षांपूर्वी इथल्या एका क्लबात छोटी शिडाची डिंगी चालवायला शिकलो आणि लागण झाली. आता वुडब्रिज गावात, डेबेन नदीच्या काठी, एक बोट विकायला उभी आहे. नॉर्डिक फोकबोट. १९६०च्या दशकात डेन्मार्कमध्ये बांधलेली. जाहिरातीत दोन शब्द ठळक: ‘संपूर्ण पुनरुज्जीवित’. किंमत साडेनऊ हजार पौंड.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९४०च्या सुमारास स्कँडिनेव्हियातल्या शिडाच्या बोटींच्या संघटनेनं स्पर्धा ठेवली. साध्या माणसाला परवडेल, समुद्रात टिकेल आणि शर्यतीलाही चालेल अशी बोट हवी होती. कुणालाच पहिला नंबर दिला नाही. चांगल्या चारसहा आराखड्यांतलं हवं ते उचलून टूर्ड सुंडेन यानं एक अंतिम आराखडा काढला आणि १९४२ मध्ये पहिली बोट गोथेनबर्गला पाण्यात गेली. लांबी ७.६४ मीटर, रुंदी २.२० मीटर, पाण्याखाली १.२० मीटर. वजन दोन टनांच्या आतबाहेर आणि त्यातलं निम्म्याहून जास्त तळाच्या बिडाच्या कण्यात. शीड साधारण २४ चौरस मीटर. आत चार झोपतील म्हणतात. माझ्या मते दोन झोपतील आणि दोन भांडतील. उभं राहता येत नाही.

पाहून आलो. व्हार्निश असं की तोंड दिसतं. उश्या नव्या, शिडावरचं कापड नवं. ओहोटी होती, नदीत नुसता गाळ आणि ही बाई किनाऱ्यावर टेकूंवर उभी. परत निघताना तीनदा वळून पाहिलं, यावरून काय ते समजा.

बायको म्हणाली, ‘न्हाणीघराचं दार दोन वर्षं लागत नाहीये, आधी ते.’

तर काय करावं?

हिशेबनीस

दार लावा. पुढचा धागा.

गंमत सोडा. साडेनऊ हजार ही किंमत नाही, प्रवेश फी आहे. वर्षाचा खर्च मांडा: नांगरायची जागा, हिवाळ्यात बाहेर काढणं, रंग, विमा. मग वर्षातून किती दिवस पाण्यात जाणार त्यानं भागा. येणाऱ्या आकड्यात दर वेळी ग्रीसला जाऊन भाड्याची बोट घेता येईल.

गाळातला बगळा

भागाकार केला होता. बायकोला दाखवला नाही.

रंधा

पुण्यात फर्निचर करतो, त्यामुळे लाकूड दिसलं की थांबतो. फोटोत फळ्या एकीवर एक चढलेल्या दिसतायत, मंगलोरी कौलांसारख्या. त्या तशाच असतात की दुरुस्तीत झाल्या? आणि फटीत काय भरतात?

दर्यावर्दी७२

रंधासाहेब, कौलांची उपमा चपखल आहे. या पद्धतीला क्लिंकर म्हणतात. वरच्या फळीची कड खालच्या फळीवर येते, दोन्हींतून तांब्याचा खिळा आरपार जातो, आतून तांब्याची चकती बसवून टोक ठोकून बसवायचं. फटीत काही भरत नाहीत. फळ्या पाण्यानं फुगतात आणि एकमेकींना दाबून धरतात. दुसरी पद्धत कार्व्हल, त्यात फळ्या कडेला कड लावून सपाट बसतात आणि मधे कापूस ठासावा लागतो.

बगळेबुवा ज्या नदीकाठी उभे होते त्याच नदीच्या पलीकडे सटन हू आहे. १९३९ मध्ये तिथे एका टेकाडाखाली सातव्या शतकातल्या अँग्लो-सॅक्सन राजाचं दफन सापडलं, सत्तावीस मीटर लांबीच्या नावेत. लाकूड पार कुजून गेलेलं, पण लोखंडी खिळ्यांच्या रांगा वाळूत जागच्या जागी आणि फळ्यांचा ठसा जसाच्या तसा. तीही क्लिंकरच. त्या नावेची पूर्ण आकाराची प्रतिकृती वुडब्रिजलाच बांधायला घेतली आहे. बोट घ्या न घ्या, ती शेड बघून या.

आता मूळ प्रश्न. मी मर्चंट नेव्हीत इंजिनरूममध्ये आयुष्य काढलं, निवृत्तीनंतर इंग्लंडात मुलाकडे असताना लाकडी बोटींच्या नादी लागलो. ‘पुनरुज्जीवित’ या शब्दाला बोटीच्या बाजारात काही अर्थ नाही. व्हार्निश मारलं तरी पुनरुज्जीवित आणि कणा बदलला तरी पुनरुज्जीवित. मालकाला एकच विचारा: काय काढलं, काय घातलं, कुणी घातलं? फोटो आणि बिलं दाखवा म्हणावं. ज्यानं खरं काम केलेलं असतं त्याच्याकडे उघड्या सांगाड्याचे शेदोनशे फोटो असतात आणि तो तुम्हाला ते दाखवल्याशिवाय सोडत नाही. ज्याच्याकडे फक्त संध्याकाळच्या उन्हातले फोटो आहेत त्याच्यापासून सावध.

तुम्ही स्वतः काय बघाल:

पहिलं म्हणजे पावसाचं पाणी. लोकांना वाटतं समुद्राचं पाणी लाकूड कुजवतं. खारं पाणी उलट लाकूड मुरवतं. कुजवतं ते डेकच्या सांध्यातून झिरपून कोपऱ्यात साचलेलं गोडं पाणी. म्हणून बोटीची मागची सपाट पाटी, डेकची कड जिथे फळीला मिळते ती जागा आणि बसायच्या खड्ड्याखालची अंधारी जागा बघा. नाक लावा. कुजलेल्या लाकडाला जुन्या माळ्यावर येतो तसा कोंदट वास येतो.

दुसरं, बरगड्या. ओकच्या पट्ट्या वाफवून वाकवलेल्या असतात. पोटाच्या वळणावर त्या तडकतात. हाताची बोटं आतून फिरवा, डोळ्यांआधी बोटांना कळतं. तडकलेल्या बरगडीला शेजारी नवी जोडतात, ते चालतं. पण तडकलेल्या किती आणि जोडलेल्या किती, मोजा.

तिसरं आणि सगळ्यात महाग, कण्याचे बोल्ट. टनभर बीड लाकडाला त्यांवर लटकलंय. वरून बघाल तर नट छान रंगवलेला दिसेल. गंज लागतो मधे, लाकूड आणि बीड जिथे भेटतात तिथे. तो बाहेरून दिसत नाही. एक तरी काढून बघायचा, दुसरा मार्ग मला पटत नाही.

चौथं, जस्ताचे तुकडे. गंजापासून वाचवायला बोटीला जस्त लावतात. हौशी लोक वाटतील तितके लावतात. जस्त जास्त झालं की तांब्याच्या खिळ्यांभोवती अल्कली तयार होते आणि लाकूड पिठूळ होतं. काळजीनं मारलेली बोट म्हणतो मी तिला.

आणि हो, क्लिंकरवर बाहेरून फायबरग्लासचं आवरण चढवलेलं असेल तर चहा प्या आणि घरी या.

गाळातला बगळा

काका, दंडवत. आवरण नाही, एवढं मला कळलं. बाकी सगळं व्हार्निश बघण्यात राहून गेलं.

झापाखालचा

वा, असले धागे यायला हवेत. मी मालवणचा. आजोबांची होडी होती, आंब्याच्या लाकडाची. आजोबा म्हणायचे, होडी समुद्रात जुनी होत नाही, किनाऱ्यावर जुनी होते. पाऊस लागला की सगळ्यांच्या होड्या ओढून वर, माडाच्या झापांखाली. नारळीपौर्णिमेपर्यंत बाप्ये जाळी विणत बसायचे आणि आम्ही पोरं होडीच्या सावलीत गजाली ऐकत. झापांतून वारा खेळायचा हे महत्त्वाचं. शहाण्या कुणीतरी एका वर्षी प्लास्टिकचं कापड गुंडाळलं, आत वाफ धरली आणि चतुर्थीला उघडली तेव्हा काठाला बुरशी.

तुमची बोट टेकूंवर किती दिवस उभी आहे, ते विचारलंत का?

गाळातला बगळा

विचारलं. दोन उन्हाळे.

झापाखालचा

मग फळ्या आटल्या असणार. पाण्यात टाकाल त्या रात्री झोपू नका.

खाडीपलीकडची

सॅन फ्रान्सिस्कोहून. आमच्या खाडीत फोकबोटींचा मोठा जुना ताफा आहे आणि शर्यती होतात. दुपारी गोल्डन गेटमधून जो वारा सुटतो त्यात बाकीच्या छोट्या बोटी शिडं उतरवतात, फोकबोटी मजेत असतात. तीन वर्षं एकीवर क्रू म्हणून जाते. बोट उत्तमच आहे, प्रश्न लाकडाचा आहे.

१९७०च्या दशकात डेन्मार्कमध्ये फायबरग्लासची फोकबोट आली. लाकडी बोटींच्या शर्यती बंद पडू नयेत म्हणून वजन आणि आकार तंतोतंत जुळवला. इतकंच नाही, साच्यात फळ्यांच्या कडांच्या रेघासुद्धा पाडल्या! लांबून ओळखू येत नाही. ती घ्या. रविवारी शीड चालवा, रंधा नको. (रंधासाहेब, तुम्ही नव्हे.)

रंधा

खोट्या रेघा पाडलेल्या सनमायक्याबद्दल माझं मत इथे लिहिता येणार नाही.

हिशेबनीस

बाईंशी शंभर टक्के सहमत. आणि एवढ्याशा बोटीतून जाणार कुठे?

दर्यावर्दी७२

कुठेही. १९६० मध्ये अटलांटिक एकट्यानं ओलांडायची पहिली शर्यत झाली, इंग्लंड ते न्यूयॉर्क. पाच बोटी. फ्रान्सिस चिचेस्टर चाळीस दिवसांत पोचून पहिला आला. दुसरा आला ब्लाँडी हॅस्लर, अठ्ठेचाळीस दिवसांत, ‘जेस्टर’ नावाच्या बोटीतून. ती फोकबोटच होती, फक्त त्यानं डेक बंद करून वर चिनी पद्धतीचं शीड बसवलं होतं. बांबूच्या पडद्यासारखं आतून दोरी ओढून गुंडाळायचं, म्हणजे बाहेर भिजायला जायला नको.

वेताळ_टेकडी

मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण ही बोट कोकणात आणून तारकर्लीला ठेवली तर? होमस्टेवाल्यांना भाड्यानं द्या, पैसे वसूल.

झापाखालचा

बाबा रे, आयात शुल्क बाजूला ठेव. ती पाइनची आहे. आपल्या कोमट पाण्यात लाकूड पोखरणारा किडा असतो, जहाजाचा कृमी, दिसायला गांडुळासारखा पण जातीनं शिंपल्याचा भाऊ. बाहेरून टाचणीएवढं भोक, आत जाळी. पाइन म्हणजे त्याला शेवया. आपल्याकडे मोठं काम सागात करायचे ते उगीच नाही.

साग म्हटल्यावर सुहेली आठवली. कुणी उल्लेख कसा केला नाही?

गाळातला बगळा

सुहेली म्हणजे नॉक्स-जॉन्स्टनची? ती इंग्लिश ना?

झापाखालचा

मालक इंग्लिश, बोट मुंबईची! रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तेव्हा ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीत अधिकारी होता. कुलाब्याच्या वर्कशॉपमध्ये आपल्या सुतारांनी ती बत्तीस फुटी बोट भारतीय सागात बांधली. वाशीनं तासायचं, दोरीच्या कमानीनं फिरणाऱ्या सामत्यानं भोकं पाडायची. १९६४च्या डिसेंबरात नारळ फोडून पाण्यात सोडली. तिच्यातूनच तो १४ जून १९६८ला फालमथहून निघाला आणि ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ला तिथेच परतला. मधे कुठेही न थांबता एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस. शर्यतच होती ती. नऊ जण निघाले होते, पुरी त्यानं एकट्यानंच केली.

दर्यावर्दी७२

आणि या धाग्याला लागू पडणाऱ्या दोन गोष्टी त्याच बोटीच्या. सुरुवातीलाच अटलांटिकमध्ये ती गळायला लागली. कण्याजवळची शिवण उघडली होती. हा माणूस भर समुद्रात खाली उतरला, श्वास रोखून रोखून फटीत कापूस ठासला आणि वर तांब्याची पट्टी ठोकली. मधेच शार्क घिरट्या घालू लागला, तेव्हा वर येऊन बंदुकीनं त्याला मारला आणि पुन्हा खाली.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. पुढे ती ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात ठेवली. कोरडी, नियंत्रित हवा, काचेसारखी स्वच्छता. फळ्या आटायला लागल्या. मालकानं २००२ मध्ये तिला तिथून बाहेर काढलं आणि पुन्हा डागडुजीला घेतलं. अख्खं जग पचवलेली बोट कोरड्या हवेत मरत होती.

त्या सागाचाच आणखी एक पुरावा हार्टलपूलला तरंगतोय. ‘ट्रिंकोमली’ ही युद्धनौका, मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली, १८१७ मध्ये पाण्यात सोडलेली. बगळेबुवा, तुमच्यापासून एका दिवसाचा रस्ता. तिच्या फळीवर हात ठेवून या, बरं वाटेल.

हिशेबनीस

धागा बोटीकडून राष्ट्राभिमानाकडे निघालाय. धागाकर्त्यांनी तपासणी करून घेतली का?

गाळातला बगळा

उशीर झाला, क्षमस्व. तपासणी झाली. बोलणं ‘तपासणीच्या अधीन’ ठेवून दहा टक्के अनामत दिली होती.

तपासनीस म्हणजे एक सत्तरीतला म्हातारा. एका हातात प्लास्टिकची हातोडी, दुसऱ्यात बोथट टोच्या. फळीवर टकटक करत चालला. चांगली फळी टणत्कार देते, वाईट फळी ‘हं’ म्हणते. पहिला तास नुसता टणत्कार. मी मनात बोटीला नाव ठेवत होतो. (नाव आहेच तिला, बदलणार नाही. इथे लिहित नाही, मालक ओळखू येतील.)

मग मागच्या पाटीचा डावा कोपरा. हं. टोच्या टेकवला आणि तो दोन इंच आत गेला, खरवसात चमचा जावा तसा. वर पाच थर व्हार्निश.

बरगड्या: उजवीकडे वळणावर पाच तडकलेल्या, त्यातल्या दोनच जोडलेल्या. जस्त ठीक. डेक खरोखर नवा आणि चांगला केलेला, त्याची बिलंही होती. म्हणजे माणूस लबाड नव्हता. दिसतं तेवढं त्यानं मनापासून केलं आणि दिसत नाही तिथे पैसे किंवा वय संपलं. बोलता बोलता म्हणाला, गुडघे वाकत नाहीत आता. ते ऐकल्यावर मला घासाघीस करायची लाज वाटायला लागली.

शेवटी कण्याचा बोल्ट. मालक नको म्हणत होता, मी काकांचं वाक्य इंग्रजीत म्हणून दाखवलं. सव्वा तास लागला काढायला. बाहेर आला तो डमरू. वर जाड, खाली जाड, मधे माझ्या करंगळीएवढा. तिघेही बघत राहिलो. मालकानं तो हातात घेतला, फिरवला, आणि म्हणाला, हिला वर काढायच्या आधीच्या उन्हाळ्यात नातीला घेऊन गेलो होतो हिच्यातून.

फोटो टाकतोय.

रंधा

बाप रे. हा फोटो दुकानात लावतो.

खाडीपलीकडची

आता तरी फायबरग्लास?

दर्यावर्दी७२

उलट मी म्हणतो आता ही बोट घेण्याजोगी झाली. दोष कळले, मोजता येतात. फळ्या चांगल्या आहेत हे सगळ्यात मोठं. बोल्ट सगळे बदलायचे, एकही ठेवायचा नाही. पाटीचा कोपरा कापून नवा तुकडा, बरगड्या तीन. कोटेशन घ्या, किमतीतून वजा करा. लाज वाटू देऊ नका, आकडा तपासनिसाच्या कागदावरून सांगा, तुमच्या तोंडून नको. आणि जुनी कागदपत्रं मागून घ्या, कर भरल्याचा पुरावा असेल तर तोही. विकताना लागतात.

हिशेबनीस

विकताना! काका, तुम्हीही आशावादी.

गाळातला बगळा

घेतली. सहा हजार दोनशेला. मालकानं शिवाय त्याच्या हत्यारांची पेटी दिली, त्यात तांब्याच्या चकत्यांची अर्धी बरणी. बोल्ट आणि पाटी एका सुताराला दिली, बरगड्या मी त्याच्या हाताखाली केल्या. घरच्या वॉलपेपर काढायच्या यंत्राची वाफ लाकडी खोक्यात सोडायची, पट्टी तासभर शिजवायची आणि बाहेर काढल्यावर अर्ध्या मिनिटात जागेवर बसवायची. पहिली मोडली. दुसरी मोडली. तिसरीला बायको खालून धरायला आली.

न्हाणीघराचं दार लागतं आता. तो करारच होता.

झापाखालचा

अभिनंदन! पाण्यात कधी? आणि आधी आतून ओल्या गोणपाटानं चारपाच दिवस भिजवत ठेवा. घाई करू नका. तिका पाणी पिऊंदे, मगे बघ.

गाळातला बगळा

शनिवारी भरतीला. गोणपाट मिळाला नाही, जुनी ब्लँकेटं टाकलीत, रोज बादलीनं भिजवतोय. नारळ घेतलाय.

गाळातला बगळा

शनिवार, रात्री ११. क्रेनच्या पट्ट्यांमध्येच ठेवलीये, सोडवली नाही. क्रेनवाला थांबायला तयार झाला, चहाच्या थर्मासवर. पाणी येतंय. सगळीकडून. बारीक रेघा, कौलं गळावीत तशी. दर तासाला हातपंप मारतोय आणि किती झटके लागतात ते मोजतोय. आत्ता १८०.

दर्यावर्दी७२

मोजताय हे छान. आकडे टाकत राहा. वाढले तर उचलायचं, नाहीतर बसून राहायचं.

गाळातला बगळा

रात्री २: १६५. पहाटे ५: १२०.

हिशेबनीस

मी जागा आहे. कारण विचारू नये.

गाळातला बगळा

रविवार दुपार: ७०. क्रेनवाला पट्ट्या काढून घरी गेला.
रविवार रात्र: ४४.

झापाखालचा

पिता हा, पिता हा.

गाळातला बगळा

सोमवार सकाळ: १९. ऑफिसला कळवलंय की घरात गळती आहे.
मंगळवार: ६.

खाडीपलीकडची

इथे आमच्या स्किपरला आकडे वाचून दाखवले. तो विचारतोय बुधवारचा किती.

गाळातला बगळा

बुधवार सकाळ. बारा तास पंप मारला नव्हता.

२.